नवव्या ओळीवरचं भोक

ते भोक मी पाडलं. कसरीनं नाही, वाळवीनं नाही, उंदरानं तर नाहीच. कळंबच्या एसटी स्टँडामागच्या माझ्या दुकानात, चहाचा कप शेजारी ठेवून, माउसच्या चार-सहा क्लिकमध्ये मी ते पाडलं आणि मान मागं घेऊन स्वतःवरच खूश झालो. त्या भोकात एका घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान गेला. ते कळल्यावरही मी गप्प बसलो. गप्प बसलो एवढंच नाही, तोंडावर खोटंही बोललो.

हे सगळं आता लिहायला हरकत नाही. त्या घरच्या धुळातात्यांची परवानगी मी घेतली आहे. "दिवाळी अंकात लिहू का?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "लिही की. पर आमच्या घोंगडीचं नीट लिही." तेव्हा घोंगडीचं नीट लिहितो, आणि माझंही जमेल तेवढं नीट लिहितो.

मला लोक अजून पेंटर म्हणतात. सुरुवात ब्रशनं झाली. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव, शाळेच्या भिंतीवर सुविचार. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेले. मी कॉम्प्युटर शिकलो. वाढदिवसाचे फलक, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे बोर्ड, निवृत्तीची मानपत्रं, जे येईल ते केलं. पण तालुक्यात माझं नाव झालं ते एका वेगळ्याच कामामुळं. नवा कागद जुना करून दाखवण्यात माझा हात कोणी धरत नव्हता.

बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटतं. पिवळा रंग भरला, कडा जाळल्या, झाला जुना कागद. तसं नसतं. कागद सगळीकडून सारखा म्हातारा होत नाही. घडीवर तो आधी मरतो. जिथं माणसाचा अंगठा लागतो तो कोपरा तेलकट काळा होतो. मध्यभाग पुष्कळदा चांगला राहतो. अक्षर कागदाबरोबर विटलं पाहिजे. कागद शंभर वर्षांचा आणि शाई कालची, असं दिसलं की खेळ संपला. म्हणून मी थरावर थर चढवायचो. कॉम्प्युटरमध्ये काचेच्या तावांसारखे थर असतात. एकावर रंग, एकावर डाग, एकावर घड्या, एकावर अक्षरं. कोणताही थर सरकवता येतो, पुसता येतो. डागांसाठी मी खरे कागद चहात बुडवून, उन्हात वाळवून स्कॅन केले होते. आमच्या मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तेव्हा विचारलं होतं, "अहो, पापड घालायच्या जागेवर हे काय वाळत घातलंय?"

आणि एक नियम मी स्वतःसाठी केला होता. एकच डाग दोन कामांत वापरायचा नाही. निसर्ग एकच डाग दोनदा पाडत नाही. तोच डाग दुसरीकडं दिसला की समजावं, कारागीर आळशी आहे.

हा नियम मी मोडला. ते पुढं येईल.

या जुनेपणानं मला हसवलंही खूप. एका गावच्या पाटलांच्या घरची लग्नपत्रिका मी राजपत्रासारखी केली. गुंडाळी, लाखेचा शिक्का, आणि एक कोपरा झकास फाटलेला. नवरा मुलगा नाचायचा बाकी राहिला. पत्रिका छापून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलाचे आजोबा काठी टेकत दुकानात आले.

"पेंटर, आमच्यात कोण मेलंय?"

मला कळेना. त्यांनी पत्रिका पुढं केली आणि फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "कोपरा फाडल्यालं कार्ड कवा धाडत्यात, ठाऊक न्हाय तुला? पोराच्या लग्नाला दुखवट्याचं पत्र काढलंस व्हय रं?"

खरं होतं. मेल्याची खबर देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायची आपली रीत. डिझाइनच्या नादात मी ती विसरलो. सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या, चारी कोपरे शाबूत ठेवून. आजोबा जाताना म्हणाले, "आता बरं. आता जेवाय ये."

दुसरे एक तेरखेड्याचे फटाकेवाले. त्यांना डब्यावर जुन्या घराण्याचं लेबल हवं होतं. मी जीव ओतून केलं. पिवळट कागद, पाण्याचे ओघळ, विटलेला शिक्का. त्यांनी लेबल उजेडाकडं धरलं, बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाले, "पेंटर, लई भारी झालंय. पर गिऱ्हाईक म्हणंल, माल ओलाय." त्या लेबलाचा पुढं काहीच उपयोग झाला नाही. या दोन्ही वेळा मला एक गोष्ट कळायला हवी होती. जुनेपणाचं चित्र हे नुसतं चित्र नसतं. बघणारा त्यातून काहीतरी खरं वाचतो. मी हसलो आणि विसरलो.

आता त्या गावाकडं येतो. नाव लिहीत नाही. तिथं आता मला चहा मिळतो, तो बंद व्हायला नको. कळंबपासून मोटारसायकलवर अर्धा तास. गावात खंडोबाचं देऊळ आहे आणि चंपाषष्ठीला यात्रा भरते. यात्रेत कोणत्या घराचा कोणता मान, हे ठरलेलं आहे. पहिला नैवेद्य कोणाचा, दिवटी कोणाची, पालखीचा पुढचा दांडा कोणाचा. असे अकरा मान. त्यांतला नववा धनगराच्या घराचा. पालखी गावाला वळसा घालून परत आली की देवळासमोर टेकवतात. ती भुईला लागू द्यायची नाही. धनगराच्या घरानं आपल्याच मेंढरांच्या काळ्या लोकरीची घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर पालखी टेकायची. घोंगडी धुळातात्यांच्या घरची. त्यांच्या आज्यापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून.

बारा-तेरा वर्षांपूर्वी त्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. तेव्हाचे कमिटीचे अध्यक्ष भगवानअण्णा माझ्याकडं आले. बरोबर देवळाचे गुरव, अगदी थकलेले. गुरवबाबांनी मानाची यादी पेन्सिलीनं एका हँडबिलाच्या पाठीवर लिहून आणली होती. अण्णा म्हणाले, "ही मोठी करून फ्रेममध्ये लावायचीय. पर नवीकोरी नगं. निजामाच्या काळातली वाटली पायजे. लोकांनी बघून हात जोडले पायजेत."

मी म्हणालो, "अण्णा, हात जोडतील असंच करतो."

तीन दिवस लागून काम केलं. अक्षरं बोरूनं लिहिल्यासारखी वळवली. उभी-आडवी घडी पाडली. चहाचा एक डाग, कडेला दिवटीच्या तेलाचा ओघळ. शेवटी वाटलं, काहीतरी कमी आहे. इतका जुना कागद आणि कसर लागलेली नाही? म्हणून मी भोक केलं. वाकड्या कडेचं, आत काळोख, एका बाजूला बारीक सावली. काचेमागं ठेवलं तर वाटावं, बोट घातलं तर पलीकडं निघेल. भोक जिथं सुंदर दिसलं तिथं ठेवलं. उजवीकडं, जरा खाली.

माझा कॉम्प्युटर तेव्हा जुना होता. फाईल जड झाली की अडकायचा. म्हणून मी सगळे थर एकत्र दाबून एक केले आणि तीच फाईल जुन्या फाईलवर सेव्ह केली. आमच्या धंद्यात हा गुन्हा आहे. एकदा थर एक झाले की कोणताच पुन्हा सरकत नाही. अक्षर, डाग आणि भोक एकजीव होतात.

मग छापण्याआधी एकदा वाचून बघितलं. नववी ओळ भोकात गेली होती. "पालखी टेकवणे, घोंगडी, सखा बिरा यांचे घर" अशी ती ओळ. तिच्यातलं "पालखी टेकवणे" आणि शेवटचं "घर" एवढंच उरलं होतं. बाकी सगळं मी केलेल्या कसरीनं खाल्लं होतं.

पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे दीड दिवस. कार्यक्रम परवावर. आणि खरं सांगतो, भोक तिथं फार शोभत होतं. मी मनाशी म्हणालो, घोंगडी कोणाची हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ही काही सरकारी नोंद नाही, भिंतीवरची शोभा आहे. अण्णांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "एक नंबर!" गुरवबाबांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी नमस्कार केला.

कार्यक्रमात अण्णांनी माइकवरून सांगितलं, "हा आपल्या गावचा जुना कागद. पेंटरनी तो जतन करून दिला." जतन! मी स्टेजवर होतो. उठून "अण्णा, कागद नवा आहे" असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी मी पुढं होऊन शाल घेतली, नारळ घेतला. लोक फ्रेमसमोर हात जोडत होते. मला फार बरं वाटलं.

वर्षं गेली. गुरवबाबा गेले, अण्णाही गेले. फ्रेमवर दर यात्रेला भंडारा पडत राहिला, आणि गावात कोणालाच आठवेना की ती कधी लागली. कमिटी बदलली. नवीन अध्यक्ष बालाजीराव. मिलिटरीतून निवृत्त होऊन आलेले, सरळ माणूस, पण कागदाचे पक्के. अण्णांनी फ्रेम लावली तेव्हा ते नोकरीवर होते. त्यांच्या लेखी तो कागद निजामाच्या काळातलाच.

एक वर्ष तात्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला होते, सगळं घर तिकडंच. यात्रेत घोंगडी आली नाही. मंडपवाल्याचा लाल गालिचा होता, त्यावर पालखी टेकवली. पुढच्या वर्षी तात्या घोंगडी खांद्यावर टाकून आले, तर गालिचा आधीच अंथरलेला. बालाजीराव म्हणाले, "तात्या, मान कागदाप्रमाणं. कागदावर तुमचं नाव दाखवा."

तात्या म्हणाले, "तितं तर भोक हाय."

मागून कोणीतरी ओरडलं, "मग भोकाला विचारा!"

लोक हसले. तात्या घोंगडी तशीच खांद्यावर घेऊन घरी गेले.

हे मला कसं कळलं? तात्यांनीच सांगितलं, माझ्याच दुकानात बसून.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ. पांढरं धोतर, लाल फेटा, ऐंशीच्या घरातला माणूस पायऱ्या सावकाश चढून आला. बरोबर सून, सुमन. ती त्यांच्या गावात अंगणवाडीत काम करते. तात्यांना मी ओळखत नव्हतो आणि ते मला ओळखत नव्हते. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की कळंबचा पेंटर जुने फोटो नवे करतो.

सुमननं मोबाईलवरचा फोटो माझ्या कॉम्प्युटरवर पाठवला. उघडला, तर तो माझाच कागद.

"आमच्या देवळातला कागद हाय," तात्या म्हणाले. "लई जुना. हितं कसर लागलीय बघा. तुमच्या मशीनीत खालचं अक्षर दिसतंय का?"

मी फोटो मोठा केला. करायची गरज नव्हती. भोकाची प्रत्येक कड मला पाठ होती.

"सखा बिरा म्हून माझा आज्या," ते सांगू लागले. "त्येचं नाव असणार तितं. म्या येवढा व्हतो, आज्याचं धोतर धरून यायचो. घोंगडी अंथरताना एक टोक माझ्या हातात द्यायचा. 'ताठ धर,' म्हणायचा, 'चुणी पडली तर देवाला टोचंल.' आता ही पोरं म्हणत्यात, कागदावर न्हाय. म्या घरी जाऊन इचार केला. म्हणलं, आपुन खोटं तर न्हाय बोलत? म्हातारपणी माणसाला कायबी आठवतंय. नसंलबी आज्याचं नाव. कागूद खोटं कशाला बोलंल?"

सुमन म्हणाली, "मामा, असं नका म्हणू." आणि माझ्याकडं बघून हळू आवाजात, "सहा महिन्यांपासून हेच चाललंय. जेवताना मधीच थांबतेत आन् विचारतेत, सुमन, माझा आज्या खरंच होता का गं घोंगडीवाला?"

तात्या ज्या खुर्चीत बसले होते तिच्या मागच्या भिंतीवर माझ्या कामाचे नमुने टांगलेले होते. त्यात एका गुरुजींच्या निवृत्तीचं मानपत्र होतं, जुन्या कागदाचं. त्यावर उजवीकडं, जरा खाली, तेच भोक. तीच कड, तीच सावली. मी मोडलेला नियम तो हाच. भोक इतकं आवडलं होतं की ते पुढं तीन-चार कामांत वापरलं. तात्यांच्या फेट्याच्या वर वीतभर ते लटकत होतं आणि ते मला विचारत होते, खालचं अक्षर दिसतंय का.

मी म्हणालो, "नाही दिसत, तात्या."

का म्हणालो? त्या दिवसांत जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधायला लोक घरोघरच्या ट्रंका उघडत होते. महिनाभर आधी एक जण माझ्याकडं आला होता, जुना दिसणारा दाखला करून मागायला. त्याला मी हाकलून दिलं आणि स्टँडवर चार लोकांत छाती फुगवून सांगितलं, "माझ्या दुकानात खोटा कागद होत नाही." आता मीच म्हणू, की देवळात लागलेला कागद माझा? लोक काय म्हणतील, पोलिसात जाईल का कोणी, दुकान चालेल का. एवढं सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि तात्यांच्या आज्याला जागा उरली नाही.

तात्या उठले. "मशीन तरी काय करंल," म्हणाले. "कसरीनं खाल्लं ते खाल्लं." मलाच धीर दिल्यासारखं म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

घरी मी जेवलो नाही. मंगलनं दोनदा विचारल्यावर सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, ताट उचललं आणि म्हणाली, "मला कशाला सांगताय? ज्याचं खाल्लंय त्याला सांगा." मग थोड्या वेळानं, "ते पेन्सिलचं हँडबिल असंल. तुमची जुनी पाकिटं मी गव्हाच्या कोठीवरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलीत. फेकाफेक तुम्ही करता, मी न्हाय."

पाकीट सापडलं. गुरवबाबांचं थरथरतं अक्षर. नववी ओळ पूर्ण. ते हँडबिल मी पाच-सहा महिने ड्रॉवरमध्ये ठेवलं. रोज ड्रॉवर उघडायचा, बघायचं, बंद करायचा. पावसाळा असाच गेला. दिवाळी झाली आणि यात्रेला पंधरा दिवस उरले, तेव्हा एका सकाळी मोटारसायकल काढली.

तात्यांची मेंढरं सोयाबीन निघालेल्या एका रानात बसवली होती. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघुरीजवळ ते एका कोकराला पाजत होते. मी हँडबिल पुढं केलं, वाचून दाखवलं. मग सांगितलं, "तात्या, तो कागद जुना नाही. मीच केलेला आहे. भोकही मीच केलं. डिझाइनमध्ये."

त्यांना समजायला वेळ लागला. "म्हंजी कसर न्हाय लागली?"

"नाही."

"आन् नाव व्हतं?"

"होतं. हे बघा, सखा बिरा यांचं घर."

तात्यांनी कोकरू खाली सोडलं. फेटा काढला आणि त्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "म्हंजी म्या खरं बोलत व्हतो."

"हो तात्या."

"सुमनला सांगतो. तिला सांगाय पायजे." आणि मग जे म्हणाले ते मला पेलवलं नाही. "पेंटर, तू हुडकून काढलंस, लई उपकार झाले. न्हायतर म्या तसाच गेलो आसतो."

त्या क्षणी बोलायला हवं होतं, की तात्या, तुम्ही दुकानात आलात तेव्हाच मला माहीत होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "परवा जुनी पाकिटं चाळताना सापडलं." अर्धी कबुली दिली आणि अर्ध्या कबुलीवर आभार घेऊन आलो. पुन्हा शाल आणि नारळच.

तात्या एवढंच म्हणाले, "आता गावात सांग. माझ्यापाशी सांगून काय उपेग?"

यात्रेच्या आधीच्या रविवारी देवळात बैठक होती. मी गेलो, गुरुजींच्या मानपत्राचा नमुना बगलेत घेऊन. उभा राहून सांगितलं, हा कागद माझ्या कॉम्प्युटरवर तयार झालेला आहे.

कोणी विश्वासच ठेवीना! आयुष्यभर मी नवे कागद जुने वाटावेत म्हणून धडपडलो, आणि त्या दिवशी माझाच कागद नवा आहे हे पटवताना घाम फुटला. एक बाई म्हणाल्या, "आमी दर साली त्येला हळद-कुंकू वाहतो, आन् तुमी काय बोलताव?" बालाजीराव शांतपणे म्हणाले, "पेंटर, कागद तर बघून शंभर वर्षांचा वाटतोय. पुरावा काय?"

मी मानपत्र फ्रेमशेजारी धरलं. "हे भोक बघा. आणि हे बघा."

लोक पुढं सरकले. एक इकडं, एक तिकडं, माना हलू लागल्या. "आरं, सारखंच हाय की!"

"दोन कसरींनी एकसारखं खाल्लं असंल," कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

मी म्हणालो, "फ्रेम काढा. भोकात बोट घालून बघा."

बालाजीरावांनी फ्रेम उतरवली. मागचे खिळे काढले, दोन्ही हातांनी कागद अलगद बाहेर घेतला. फाटेल या भीतीनं, अगदी हळू. मग भोकावर बोट ठेवलं. बोट आत गेलं नाही. त्यांनी पुन्हा चोळून बघितलं. कागद गुळगुळीत होता. पाठ पांढरीशुभ्र.

"भोक न्हायच ह्याला," ते म्हणाले.

कोपऱ्यात बसलेला एक म्हातारा मोठ्यानं हसला. "मग बाराएक साल आमी कशाच्या पाया पडत व्हतो रं?"

त्या हसण्यानं गाठ सुटली. बालाजीरावांनी हँडबिल वाचलं, दोनदा वाचलं. "माझी चूक झाली, तात्या," ते लगेच म्हणाले. मिलिटरीचा माणूस. चूक मान्य करायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. मला इतकी वर्षं लागली, आणि अजून अर्धी बाकी होती. "मान तुमचा. गालिचा आपण चपला काढतो तितं टाकू." मीही म्हणालो, "गावकऱ्यांनो, माझी चूक झाली." लोक म्हणाले, जाऊ द्या, झालं. तात्या खांबाला टेकून बसले होते. माझ्याकडं बघून हसले. ते हसणं मी अजून कमावलं नव्हतं.

नवी यादी मी साध्या पांढऱ्या कागदावर, ठळक काळ्या अक्षरात छापून दिली. अकरा ओळी. ना डाग, ना घडी. खाली लिहिलं, कोणी लिहून दिली, कोणी छापली. इतकं साधं काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

चंपाषष्ठीला मी आणि मंगल गावात गेलो. दिवस चांगला वर आला होता, भंडाऱ्यानं सगळी वाट पिवळी. पालखी वळसा घालून देवळाकडं येत होती, ढोल जवळ येत होते. तात्या घोंगडी खांद्यावर घेऊन पुढं आले. नवी घोंगडी होती, काळीभोर, लोकरीचा वास अजून ताजा. ऑपरेशनच्या गुडघ्यानं त्यांना नीट वाकता येईना. मुलगा पालखीच्या दांड्यापाशी गर्दीत अडकलेला. तात्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली.

"ये पेंटर. त्ये टोक धर."

मी चपला काढल्या आणि पुढं झालो. घोंगडी जड होती. मला वाटलं त्यापेक्षा कितीतरी जड.

"ताठ धर," तात्या म्हणाले. "चुणी पडू दिऊ नगं."

आम्ही दोघं वाकलो. ते एका टोकाला, मी दुसऱ्या. येळकोटाच्या गजरात कोणाला काही ऐकू येत नव्हतं. घोंगडी भुईवर टेकली. मी हातानं एक चुणी सारखी करत त्यांच्यापर्यंत सरकलो. आमची डोकी इतकी जवळ आली, की एकमेकांचं तेवढं ऐकू येत होतं. तेव्हा कुठं तोंडातून निघालं.

"तात्या, उन्हाळ्यात तुम्ही दुकानात आलात ना, त्या दिवशी मला सगळं दिसत होतं. भोक माझं होतं, नाव तुमच्या आज्याचं होतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. मी 'नाही दिसत' म्हणालो. खोटं बोललो. तुम्ही स्वतःवर शंका घेत होतात आणि मी ती घेऊ दिली. मला माफ करा."